आजची गोष्ट आजच संपणारं काही बघता का कुणी?

थर्ड_क्लास_तिकीट | रविवार, रात्री ११:५०

मंडळी, रात्री साडेदहा ते बारा एवढाच वेळ माझा स्वतःचा. नऊला दुकान वाढवतो, घरी येऊन कडक भाकरी आमटीत कुस्करतो आणि मग कुठे रिमोट हाती लागतो. मागच्या महिन्यात मुलाने आग्रह करून एक वेबमालिका लावून दिली. आठ भाग, एकेक पाऊण तासाचा. आठ रात्री घातल्या. शेवटच्या भागात नायक भर पावसात एका घराशी पोचतो, कडीला हात घालतो आणि पडदा काळा. मुलाला म्हटलं, पुढचं लाव. तर म्हणे, "पप्पा, ती बंद केली त्यांनी. दुसरा सीझन येणार नाही."

म्हणजे तो माणूस अजून पावसात उभा आहे आणि माझे सहा तासही त्याच्याच शेजारी.

तेव्हापासून ठरवलंय, जी गोष्ट आज सुरू होऊन आजच संपते तीच बघायची. चित्रपट, नाहीतर ज्या मालिकेचा प्रत्येक भाग स्वतंत्र आहे ती. उत्कंठा नको असं नाही, पण झोपायच्या आधी ती उतरली पाहिजे. सोलापूरच्या भागवत टॉकीजला रात्रीचा शो सुटला की आम्ही चौघं मित्र चालत निघायचो. शेवट पटला नाही म्हणून घरापर्यंत भांडण. पण भांडायला शेवट तरी होता! आता कुणाला काही विचारायला जावं तर, "सांगू नको, मी तिसऱ्या भागावर आहे." बोलायचीही चोरी.

घरात मी अल्पमतात आहे. आई साडेसहा ते साडेनऊ सलग मालिका बघते, बायको त्यातल्या दोन, मुलगा मोबाईलवर काय बघतो ते त्यालाच माहीत. माझ्यासारखे आणखी कुणी आहेत का इथे? असाल तर काय बघता? नावं द्या.

शेंगापोळी | रविवार, रात्री ११:५८

पहिली! काका, दार तुम्हीच ढकलून बघायचं होतं. आत दुसऱ्या सीझनचं बजेट सापडलं नसतं, एवढंच.

बाराबंदी | सोमवार, सकाळी ७:१०

धागाकर्त्याशी सहमत. नळाला पाणी चार दिवसांआड आणि मालिका रोज. कुणीतरी अदलाबदल करा रे.

होटगी_रोड | सोमवार, सकाळी ९:३०

त्या दाराशी दयाला पाठवा. एका लाथेत काम होईल.

गंमत सोडा, पण 'सीआयडी' हेच तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर आहे. पहिल्या खेपेत १९९८ ते २०१८, वीस वर्षं. बहुतेक वेळा प्रेत त्याच भागात आणि खुनीही त्याच भागात. २००४ साली त्यांनी १११ मिनिटांचा एक भाग कुठेही न कापता सलग एका शॉटमध्ये केला होता. तो बघा, दीड-दोन तासांत मोकळे.

त्याच्याही मागे जायचं तर दूरदर्शन. १९८५ सालचं 'विक्रम और बेताल'. अरुण गोविल खांद्यावर प्रेत घेऊन निघाले की वेताळ गोष्ट सांगणार, प्रश्न विचारणार, राजा उत्तर देणार, वेताळ परत झाडावर. एका भागाला एक गोष्ट. 'ये जो है जिंदगी'मध्ये सतीश शाह दर भागात वेगळाच माणूस होऊन यायचे. शंकर नाग यांनी आगुंब्याला जाऊन 'मालगुडी डेज' केलं, त्यात तर दर आठवड्याला नवीन माणसं, नवीन गोष्ट. १९९३ साली बासू चटर्जींचा 'ब्योमकेश बक्षी' आला, रजित कपूर धोतर नेसून खुनी शोधायचा. एवढं संपवा, मग पुढची नावं देतो.

मी_पुण्यात_सोलापूरकर | सोमवार, दुपारी १२:१५

@होटगी_रोड, आठवणींचा चष्मा पुसा जरा. 'मालगुडी'तली स्वामीची गोष्ट ओळीने बरेच भाग चालली होती आणि ब्योमकेशच्याही काही कथा दोन भागांच्या आहेत. स्वामी पळून गेला तेव्हा मी आठवडाभर नीट जेवलो नव्हतो.

आणि ज्या दूरदर्शनच्या नावाने तुम्ही उदबत्ती लावताय त्यानेच १९८४ साली 'हम लोग' आणलं. दीडशेवर भाग! शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलायचे. पुढे 'महाभारत'चे ९४ भाग. आमच्या वाड्यात टीव्ही एकच होता, घरमालकांकडे. रविवारी सकाळी त्यांच्या दाराशी चपलांचा एवढा ढीग व्हायचा की परत जाताना मी दोनदा दुसऱ्याचीच चप्पल घालून आलो. ते काय स्वतंत्र भाग बघायला?

होटगी_रोड | सोमवार, दुपारी १:०५

मान्य, स्वामीचं विसरलो. पण माझा मुद्दा ऐका. तेव्हा मालिका साधारण १३ भागांना मंजूर व्हायची, फार तर पुढे वाढवून मिळायची. आठवड्याला एक भाग. चुकला तर चुकला, पुन्हा दिसायची सोय नाही, त्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नव्हतं. मग लिहिणाऱ्याला भाग आपल्या पायावर उभा करावाच लागायचा.

शेंगापोळी | सोमवार, दुपारी १:२०

माझं आवडतं उदाहरण: 'चार दिवस सासूचे' २००१ साली सुरू झाली आणि २०१३ साली संपली. चार दिवस! तीन हजारांवर भाग! सासूचे चार दिवस एवढे, तर सुनेचे किती असतील?

तरीही मी मालिकांच्या बाजूने. काका, तुम्हाला दुकानात दिवसभर माणसं भेटतात. मी घरी एकटी असते. संध्याकाळी सातला ती पाच-सहा माणसं घरात येतात, भांडतात, जातात. पाहुण्यांसारखा चहा करावा लागत नाही. त्यांची गोष्ट संपली तर मी काय करू?

दुसरी_पाळी | सोमवार, रात्री ८:४५

मालक, तुमचं दुखणं बरोबर हाय, पण औषध चुकलंय.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात. एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र. रात्रपाळी लागली की सात दिवस टीव्ही बंद. आता सांगा, सात दिवसांनी मालिका लावली तर काय चुकलेलं असतंय? काय बी नाही. हळद लागलेली असतीय, लग्न अजून व्हायचंय. बायको भाकरी वाढता वाढता दोन वाक्यांत सांगती, झालं. याच्याइतकी माफ करणारी गोष्ट दुसरी नाही बगा. सिनेमाची दहा मिनिटं चुकली की मी शेवटपर्यंत विचारत बसतो, हा कोण, तो कोण, आणि पोरं वैतागतात.

खरा तरास देतीय ती तुमची वेबमालिका. आठ भाग लक्ष देऊन बगा, मग दोन वर्षं थांबा, मग परत लक्षात ठेवा की कुणाचा मेव्हणा कुणी मारला. ते काम हाय, करमणूक नव्हं. रोजच्या मालिकेला तुम्ही उगीच त्याच खटल्यात ओढूलालाव.

थर्ड_क्लास_तिकीट | सोमवार, रात्री ११:१५

@दुसरी_पाळी, हा फरक माझ्या डोक्यात आला नव्हता. राग वेबमालिकेचा आणि धुतलं आईच्या मालिकांना. पण तुमच्याच म्हणण्याप्रमाणे सात दिवसांत काहीच घडत नसेल, तर बघायचं तरी कशाला?

कटपीस | मंगळवार, सकाळी १०:००

सात दिवसांत काही का घडत नाही ते सांगतो. मुंबईत एका मराठी मालिकेच्या एडिटवर चार वर्षं काढली आहेत. (आयडी त्यावरून. सोलापुरी लोकांना वाटतं कापडदुकान आहे.)

अर्ध्या तासातली जेमतेम बावीस मिनिटं गोष्टीची. जाहिरातींना नियमाने तासाला १२ मिनिटांची मर्यादा, वाहिनीच्या स्वतःच्या जाहिराती त्यातच. या बावीस मिनिटांतून 'मागील भागात', शीर्षकगीत आणि 'पुढील भागात' वजा करा. उरतात तीन-चार सीन. हे आठवड्यातून सहा दिवस. शूट करून ठेवलेल्या भागांना आम्ही 'बँक' म्हणतो. बँकेत आठ-दहा भाग असले की सगळे खूश. कुणी कलाकार आजारी पडला, पावसाने सेट भिजला की बँक रिकामी, आणि मग संध्याकाळी दिसणारा सीन दुपारी माझ्यासमोर. दोन मिनिटं कमी पडतायत. काय करणार? सासूबाई म्हणतात, "हे लग्न होणार नाही." त्यावर नवरा, दीर, जाऊ, नणंद, आत्या आणि दारातली मोलकरीण, सगळ्यांचे चेहरे. दोन फेऱ्या मारल्या की चाळीस सेकंद निघतात. दर गुरुवारी टीआरपी येतो. लग्नाच्या तयारीने आकडा वाढला असेल तर लग्न पुढे ढकलतात. वाढला नसेल तरी ढकलतात, कारण आता वाढेल असं वाटतं.

मग स्वतंत्र गोष्टी का करत नाहीत? पैसा. दर गोष्टीला नवं घर, नवे कलाकार, नवे कपडे. मालिकेला एक बंगला भाड्याने घेतला की दोन-तीन वर्षं त्याच जिन्यावरून माणसं चढतात-उतरतात. त्या जिन्याची एकेक पायरी मला पाठ आहे.

बाराबंदी | मंगळवार, सकाळी १०:२०

दारातली मोलकरीण 😂 तिचा चेहरा सगळ्यात जास्त वेळ दाखवतात, खरंय.

पोथीनिष्ठ | मंगळवार, दुपारी ४:३०

रच्याकने (म्हणजे बाय द वे), क्रमशःची खोड टीव्हीने लावली असं कुणी समजू नये. ह. ना. आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो' हप्त्याहप्त्याने छापली. यमूचं पुढे काय होतं म्हणून माणसं पुढच्या अंकाची वाट बघायची.

त्याच्याही आधीचे आपले सांगोल्याजवळच्या नाझऱ्याचे श्रीधरस्वामी. 'पांडवप्रताप'चे ६४ अध्याय. आमच्या घरी चातुर्मासात रोज एक अध्याय वाचला जायचा. समया लावायच्या, शेजारपाजारच्या बायका वाती वळत ऐकायच्या. आता बघा, अभिमन्यू मरणार हे प्रत्येकीला माहीत. तरी त्या दिवशी आजी लवकर आवरून बसायची आणि डोळ्याला पदर लावायची. पुढे काय होणार यासाठी कुणी येत नव्हतंच मुळी. धागाकर्त्याला शेवट हवा आहे, पण आजीला शेवट आधीपासून ठाऊक होता आणि तिचं काही बिघडत नव्हतं.

उलट कीर्तन एका रात्रीत आटोपतं. पूर्वरंग, उत्तररंग, आरती, बुक्का लावून घरी. म्हणजे दोन्ही प्रकार एकाच देवळात सुखाने नांदत होते.

मी_पुण्यात_सोलापूरकर | मंगळवार, संध्याकाळी ६:००

चित्रपटाच्या बाजूनेही कुणीतरी बोला. आपल्या डॉ. कोटणीसांचं घ्या. १९१० साली सोलापुरात जन्म, १९३८ साली चीनला गेले, १९४२ साली तिथेच वारले, वय ३२. शांतारामबापूंनी १९४६ साली हे सगळं एका चित्रपटात बसवलं आणि कोटणीसही स्वतःच झाले. आज कुणी काढायला घेतलं तर पहिल्या सीझनमध्ये बोट मुंबई बंदर सोडायची नाही.

आणि जेऊरच्या नागराज मंजुळेंचा 'फँड्री'. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या अंगावर येतो आणि संपलं. मी प्रभातला पाहिला होता की कुठे ते आता आठवत नाही, पण दिवे लागल्यावर माझ्या रांगेतलं कुणी उठलं नव्हतं एवढं आठवतंय.

शेंगापोळी | मंगळवार, संध्याकाळी ६:२५

मग त्याचा शेवट तरी कुठे झाला? दगड लागला का, कुणाला लागला, पुढे जब्याचं काय, काहीच नाही सांगितलं. आणि काकांच्या वेबमालिकेने दार नाही उघडलं तर ती वाईट. हा कुठला न्याय?

कटपीस | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

ताई, तो दगड दिग्दर्शकाने फेकला. ते दार हिशेबनिसाने लावलं.

दुसरी_पाळी | मंगळवार, रात्री ९:००

आमच्या भाषेत सांगू का. आधी मी चादरीच्या मागावर होतो. जकार्डवर चादर विणताना किनार कुठं, मोर कुठं, मधलं फूल कुठं, सगळं आधी ठरलेलं असतंय. चौबाजूंनी किनार आली की चादर झाली. ती अर्धी कापून कुणी विकत नाही. साधं कापड तसं नव्हं. तागा चालूच ऱ्हातो, गिऱ्हाईक म्हणंल तिथं कात्री. सिनेमा चादर हाय आणि मालिका तागा. तागा वाईट असतोय असं न्हाई, शर्ट त्याचेच शिवतो की आपण. तुमच्या वेबमालिकेनं चादरीचे पैसे घेतले आणि किनार यायच्या आधी माग बंद केला.

बाराबंदी | मंगळवार, रात्री ९:०४

सोलापूरकराने धागा काढल्यावर माग येणारच होता. चादर आली, टॉवेल आला, आता शेंगाचटणी कधी?

सूप_आणि_कात्री | मंगळवार, रात्री ११:३०

बरेच दिवस नुसती वाचत होते. कटपीस यांनी जे चाळीस सेकंदांचं लिहिलं त्यावर लिहावंसं वाटलं.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू. अम्मा पस्तीस वर्षं बिड्या वळतेय. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. मजुरी हजार बिड्यांवर मिळते, त्यामुळे मान खाली ती खालीच. पान घ्यायचं, तंबाखू भरायची, वळायचं, नखाने तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. टीव्ही समोरच्या कपाटावर, मोठ्या आवाजात. अम्मा मालिका बघत नाही, ऐकते. सगळ्यांना ती आवाजावरून ओळखते. एकदा एका नायिकेच्या जागी दुसरी मुलगी घेतली, तर आमच्या आधी अम्माने ओळखलं, "ही ती नाही, हिचा श्वास वेगळा आहे."

तो ढाण्ण करून वाजणारा आवाज असतो ना, ज्याला सगळे हसतात, तो झाला की अम्मा मान वर करते. तोवर एक चेहरा गेलेला असतो. पण तोच चेहरा तीन वेळा दाखवतात, म्हणून तिला एकदा तरी सापडतो. कटपीस दादा, तुम्ही वेळ भरायला लावत होता, पण आमच्या गल्लीतल्या कितीतरी घरांत बायकांना तेवढंच दिसायचं.

मी कॉलेजात असताना मोठ्या उत्साहाने तिला एक नावाजलेला चित्रपट लावून दिला होता. त्यात माणसं फार बोलत नाहीत, खिडकीतून बघतात. पाच मिनिटांनी अम्मा म्हणाली, "आवाज गेला काय बघ गं."

अवांतर: अम्माचं मराठी मालिकांवरच झालंय. बाजारात "का बे, कितीला दिलं" म्हणणारी बाई रिक्षावाल्याला "आपण निघूया का?" म्हणते. तो बिचारा मागे वळून बघतो, कोण बसलंय म्हणून.

शेंगापोळी | मंगळवार, रात्री ११:४१

"हिचा श्वास वेगळा आहे." आता झोप नाही येणार मला.

पोथीनिष्ठ | बुधवार, सकाळी ६:५०

आमच्याकडे वाती वळत ऐकायच्या, तुमच्याकडे बिड्या वळत. बाकी तेच की.

कटपीस | बुधवार, सकाळी ११:००

@सूप_आणि_कात्री, चार वर्षांत आम्हाला कुणी हे सांगितलं नाही. ऑफिसात एकच वाक्य फिरायचं, "बायका पोळ्या लाटता लाटता बघतात, सगळं तोंडाने सांगा." म्हणून नायिका मनातलं मोठ्याने बोलते. मला ते लेखकाचा आळस वाटायचं.

होटगी_रोड | बुधवार, दुपारी २:३०

धागा कुठून कुठे गेला. मूळ प्रश्न यादीचा होता. आणखी एक सांगून ठेवतो, 'एक रुका हुआ फैसला', १९८६, बासूदांचाच. एका खोलीत बारा माणसं भांडतात आणि निर्णय होतो. @सूप_आणि_कात्री, यात सगळे बोलतातच, खिडकीतून बघत बसत नाहीत. अम्मांना चालेल.

थर्ड_क्लास_तिकीट | शुक्रवार, रात्री १२:१०

दोन दिवस लग्नसराईचं गिऱ्हाईक होतं, आता धागा वर काढतोय.

काल आईची नऊची मालिका क्रिकेटमुळे रद्द झाली. संधी साधून तिला ब्योमकेशची एक कथा लावून दिली. वय ७८, हिंदी बेताचं. मी शेजारी बसलो, तिची परीक्षा घेतल्यासारखा. बारा-पंधरा मिनिटं झाली असतील, आई म्हणते, "हा बघ, याने मारलं." म्हटलं, कशावरून? "अरे, याला दोनदा दाखवला आणि काम काहीच दिलं नाही. उगीच कोण पगार देईल?"

बरोबर निघालं. इतकी वर्षं मालिका बघून आई तयार झालीये आणि मी समजत होतो बसल्या बसल्या डुलकी घेते.

संपल्यावर जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "एवढ्यात झालं?" मग विचारते, "उद्या हा धोतरवाला परत येणार का?" म्हटलं, तो येणार, गोष्ट नवीन. "मग साडेनऊनंतर लाव. माझं आधी होऊ दे."

म्हणजे माझ्या साडेदहाच्या वेळात आता आईही आहे. बायको म्हणाली ती पण बसेल, फक्त मध्ये मध्ये कोण खुनी ते सांगायचं नाही असं आईंना बजावा.

शेंगापोळी | शुक्रवार, रात्री १२:१४

आजी 🙏 काका, आजींना ती वेबमालिका दाखवा. दारामागे कोण आहे ते त्याच सांगतील.

थर्ड_क्लास_तिकीट | शुक्रवार, रात्री १२:२०

विचारलं. आठव्या भागाचा नुसता शेवट दाखवला. म्हणे, "कुणी नाही. घर भाड्याचं होतं, मुदत संपली असेल."

सूप_आणि_कात्री | शनिवार, सकाळी ९:४५

काका, अम्माच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. सध्या सूप बाजूला ठेवायला सांगितलंय, त्यामुळे हात रिकामे आणि कंटाळलीये. तुमच्या त्या धोतरवाल्यात माणसं स्पष्ट बोलतात का? आवाज ओळखू येतात ना वेगवेगळे?